लहान पूल बुडला का?

पावसाळ्यात आमच्या कारध्यात कोणी कोणाची खुशाली विचारत नाही. 'लहान पूल बुडला का?' एवढंच विचारतात. उत्तर 'बुडला' असो की 'नाही बुडला', विचारणाऱ्याचा चेहरा सारखाच समाधानी होतो आणि तो पुढे चालू लागतो. वैनगंगेच्या एका काठाला भंडारा शहर, दुसऱ्या काठाला आम्ही आणि मध्ये दोन पूल. एक इंग्रजांच्या काळातला बुटका, तो लहान. दुसरा राष्ट्रीय महामार्गाचा उंच, तो मोठा. लहान पुलावर पाणी चढलं की माणसं मोठ्या पुलावर उभी राहून बुडालेला लहान पूल पाहतात आणि घरी येऊन ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतात. ज्यांनी पाहिला आहे त्यांनाही सांगतात.

या प्रश्नाला मोबाइलवर उत्तर मिळावं असं मला वाटलं, ते जून २०२० मध्ये. टाळेबंदी जरा सैल झाली होती. माझं झेरॉक्सचं दुकान उघडलं होतं, पण शाळा बंद, कॉलेज बंद, त्यामुळे मार्कलिस्टच्या झेरॉक्सा बंद. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा, त्याचे अर्ज भरून देणं एवढाच धंदा. त्या महिन्यात निदान चाळीस माणसांनी दुकानाच्या पायरीवर थांबून पुलाचं विचारलं. पाऊस नीट पडायलाही लागला नव्हता, आणि त्यांच्यातल्या एकालाही नदी ओलांडायची नव्हती.

"मी ॲप बनवणार आहे," मी रात्री जेवताना जाहीर केलं. "फोन उघडला की कळेल, लहान पूल चालू आहे की बंद."

बायकोने माझ्या ताटात भात वाढला, वर लाखोळीचं वरण घातलं आणि विचारलं, "मोठा पूल असताना लहान पुलाचं ॲप कायले पाह्यजे जी?"

या प्रश्नाचं उत्तर मी आजपर्यंत देऊ शकलेलो नाही.

माझी तयारी अगदीच कच्ची होती असं नाही. १९९७ साली भंडाऱ्यात एका क्लासमध्ये मी टर्बो सी शिकलो होतो. कोणीतरी काटछाट करून ते एका फ्लॉपीत बसवलेलं होतं. फ्लॉपी घालायची, निळा पडदा उघडायचा, चार ओळी लिहायच्या, कंट्रोल आणि एफ नाइन दाबायचं; पोरं विडी पेटवतात तेवढ्या वेळात उत्तर समोर. प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे अवघड आणि चालवणं म्हणजे सोपं, अशी माझी समजूत तेव्हापासूनची. तेवीस वर्षांत जगाने ही गोष्ट नेमकी उलटी करून ठेवली आहे, हे मला पुण्याच्या भाच्याला फोन लावल्यावर कळलं.

"मामाजी, आधी टूलचेन बसवावी लागेल," भाचा म्हणाला.

"चेन कशाची?"

"अवजारांची साखळी. तुम्ही लिहिता ती जावा. ते एक जण भरडतो, दुसरा त्याचं डेक्स करतो, तिसरा एपीके बांधतो, चौथा शिक्का मारतो, पाचवा केबलमधून फोनमध्ये ढकलतो."

हे मला लगेच कळलं. भंडारा जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला साखळी समजावून सांगावी लागत नाही. धान कापलं म्हणून कोणी भात खात नाही. मळणी, उफणणी, राईस मिल, कोंडा बाजूला, कणकी बाजूला, मग पोतं, मग सुतळी. फरक इतकाच की इथे मिलही आपल्याच दुकानात बसवायची, आणि तांदूळ निघणार तो आपल्या मापाचा नाही. संगणकाचा मेंदू एका जातीचा, फोनचा दुसऱ्या जातीचा. शिवणारा भंडाऱ्यात, घालणारा साकोलीत, आणि माप फोनवरून कळवलेलं. अशा शिवणकामात बाही कुठे जाते ते ज्याचं त्याला माहीत.

मृग लागला. त्याच दिवशी सासऱ्यांनी धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले आणि मी अँड्रॉइड स्टुडिओचं, म्हणजे ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरचं, डाउनलोड सुरू केलं. सासऱ्यांचं शेत लाखनीच्या वाटेवर. ते रोज संध्याकाळी लेकीला फोन करून पऱ्ह्यांची हालहवाल सांगत, आणि मग मला विचारत, "तुमचं किती आलं जावईबापू?" मी टक्के सांगे. पहिल्या आठवड्यात पऱ्हे माझ्या पुढे गेले.

कारण डाउनलोड झाल्यावर कळलं की माझा संगणक बत्तीस बिटचा आहे, विंडोज सात. भाच्याने या संगणकावर काम करायला साफ नकार दिला. मी म्हटलं, चालतंय ना सगळं? तो म्हणाला, मामाजी, विंडोज सातची देखभाल कंपनीने १४ जानेवारीलाच थांबवली. म्हणजे ऐन भोगीच्या दिवशी. आम्ही इकडे तीळ लावून बाजरीची भाकर खात होतो आणि दुकानातला संगणक पोरका झाला होता, आम्हाला पत्ताच नाही.

चौसष्ट बिटचं नवं विंडोज टाकलं. त्यात प्रिंटर हरवला. म्हणजे टेबलावर होता, पण संगणकाला दिसेना. दोन दिवस मी ई-पासचे अर्ज भरून गिऱ्हाइकांना पडद्यावर दाखवत होतो. एक मावशी म्हणाल्या, "दिसून राह्यलं ना बापा, पण पोलिसाले काय हा टीव्ही दाखवू?" मग रॅम कमी पडली. चार जीबीची जुनी पट्टी भंडाऱ्यातून सोळाशे रुपयांना आणली. सासऱ्यांनी जागच्या जागी हिशेब केला, तेवढ्यात सहा बॅगा युरिया आला असता. युरियाची बॅग २६६ रुपयांची, हिशेब बरोबर होता. चूक एवढीच की युरिया टाकून ग्रेडल चालत नाही.

ग्रेडल कोण, हे सांगायला पाहिजे. लग्नघरात एक कारभारी असतो. तो कधी काही करताना दिसत नाही, पण त्याच्याशिवाय पंगत बसत नाही. विचारलं की म्हणतो, सगळं तयार आहे. पाच मिनिटांनी म्हणतो, पत्रावळी आणायला माणूस पाठवला आहे. मग म्हणतो, पत्रावळीवाला दोरा मागतोय. मग दोरा आणायला दुसरा माणूस. ॲपचे सगळे तुकडे कुठून कुठून आणून, जुळवून, क्रमाने लावणारा हा कारभारी म्हणजे ग्रेडल. माझ्या ॲपमध्ये एक शब्द आणि एक आकडा दिसायचा होता. त्यासाठी त्याने पहिल्याच दिवशी शेकडो फाइली गोळा केल्या. खालच्या पट्टीत लिहून आलं, ग्रेडलचा डीमन सुरू होत आहे. बायकोने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दिवेलागणीला देवापुढची उदबत्ती दुकानापर्यंत फिरवून नेली.

सगळ्यात मोठी पंचाईत मात्र जावाने केली. भाच्याने सांगण्याआधी मी उत्साहाने एक जावा टाकून ठेवली होती. स्टुडिओने येताना स्वतःची दुसरी आणली. आता संगणकात दोन जावा, आणि कोणतीही गोष्ट करायला सांगितली की दोघींपैकी भलतीच उठून येई. मी हे जेवताना सहज बोललो.

"एका घरात दोन जावा," बायको म्हणाली, "आणि तुम्हाले आता कळलं?"

त्यावर तोडगाही अगदी घरगुती आहे. जावा होम नावाची एक पाटी असते. या घरात कोणत्या जावेचं चालतं ते त्या पाटीवर लिहून ठेवायचं. मी लिहिलं. संगणकाने मानलं. बायकोने ती पाटी मागितली, आपल्याकडे लावायला.

डाउनलोडबद्दल लोक फार कुरकुर करतात. मी केली नाही. प्रोग्रेस बार नव्वद टक्क्यांवर आला की पाऊण तास तिथेच बसायचा, दुकानात आलेली तरुण पोरं अस्वस्थ व्हायची. मी त्यांना सांगे, बाळांनो, आपण गोसेखुर्दच्या पाणलोटातली माणसं. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते त्या धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा मी चड्डीत होतो. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला, धरणाला तेहेतीस दरवाजे लागले, पाणी आमच्या काठापर्यंत येऊन टेकलं, माझे केस पिकले, आणि कालव्यांची कामं अजून चालू आहेत. ज्याने हा बार पाहिला आहे त्याला बाकीचे बार काय घाबरवणार?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सासऱ्यांच्या बांधीत चिखलणी सुरू झाली आणि माझ्याकडे पहिली लाल ओळ आली. भाच्याने वाचून अर्थ सांगितला, तुमच्या फोल्डरच्या वाटेत परकी अक्षरं आहेत.

"परकी कोणती?"

"मामाजी, तुम्ही विंडोजमध्ये स्वतःचं नाव काय टाकलं?"

मी 'कारधा झेरॉक्स' टाकलं होतं. शुद्ध मराठीत, अभिमानाने. नवं विंडोज देवनागरी घेतं म्हणून मुद्दाम टाकलं होतं. तर झालं असं, की १९६३ साली अमेरिकेत एक यादी ठरली, तिच्यात जागा एकशे अठ्ठावीस. त्यात एबीसीडी बसली, आकडे बसले, स्वल्पविराम बसला, डॉलरचं चिन्हही बसलं. 'का' बसला नाही. त्यानंतर जगाने सगळ्या लिप्यांची मोठी यादी केली, १९९१ पासून देवनागरी तिच्यात आहे, फोनवर आपण मराठीत भांडू शकतो. पण अवजारांच्या साखळीत एखादी कडी अजून जुन्या वळणाची असते आणि ती दारातच विचारते, हा 'धा' कोण? मी, दुकानदार, कारध्यात, माझ्याच संगणकात परका ठरलो. शिवाय दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडली होती, तीही काही कड्यांना चालत नाही. शेवटी सगळं उचलून सी ड्राइव्हमध्ये एका रोमन अक्षरांच्या, एका शब्दाच्या फोल्डरमध्ये नेलं. नाव दिलं ए. भाचा म्हणाला, काहीतरी अर्थाचं द्या. मी म्हटलं, अर्थ दिला होता, तो चालला नाही.

तरीही आता सगळं जागेवर बसलं होतं. आता एम्युलेटर.

बाहेरच्या लोकांना सांगायचं तर आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू. सगळे त्याची पूजा करतात, पोराच्या हातावर पैसे ठेवतात. नंदी चाकांवर चालतो. एम्युलेटर म्हणजे हा नंदी. संगणकाच्या पडद्यावर एक फोन दिसतो. त्याला बटणं आहेत, घड्याळ आहे, बॅटरी कायम भरलेली आहे. आपलं ॲप आधी त्याच्यावर चालवून पाहायचं. फक्त तो चालू होण्यासाठी संगणकाच्या पोटात, बायोस नावाच्या तळघरात, एक कळ दाबलेली असावी लागते. ती माझ्या संगणकात विकत घेतल्या दिवसापासून बंद होती. एक संगणक स्वतःच्या आत दुसरा संगणक असल्याचं सोंग करतो, त्या सोंगाची ती परवानगी. दिली. तरी माझ्या यंत्राला ते सोंग झेपेना. सकाळी फोन चालू करायचा, पायऱ्या झाडायच्या, पोहे खाऊन यायचं, तोवर त्याचं पहिलं पान दिसायचं. या फोनला मी विचारलं, तू कुठे आहेस? तो म्हणाला, माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्निया. त्याला दुसरं काही सांगितलं नाही तर तो तिथेच असतो. देह कारध्यात आणि मन कॅलिफोर्नियात, अशी आमच्या आळीत आणखीही तीनचार पोरं आहेत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

शेजारचे गुरुजी ई-पाससाठी आले. पडद्यावर फोन दिसला तसं त्यांनी त्यावर बोट ठेवून वर सरकवलं. काही झालं नाही. त्यांनी बोट शर्टाला पुसून पुन्हा सरकवलं. "मास्तर, हा खोटा फोन आहे," मी म्हटलं. "मग खरा कुठं आहे?" त्यांनी विचारलं. मी खिशातून काढून दाखवला. "मग त्याच्यावरच काऊन नाही करत?"

भाच्याला विचारलं. तो म्हणाला, करता येतं की. आधी डेव्हलपर व्हावं लागेल.

डेव्हलपर व्हायची रीत अशी. फोनच्या सेटिंगमध्ये खोल आत जायचं. तिथे बिल्ड नंबर नावाची एक निरुपद्रवी ओळ असते. तिच्यावर सात वेळा बोट मारायचं. चौथ्या-पाचव्या वेळी फोन सांगतो, आता एवढ्याच पायऱ्या राहिल्या. सातव्याला जाहीर करतो की तुम्ही डेव्हलपर झालात. पदवी नाही, परीक्षा नाही, फी नाही. सात फेऱ्यांत लग्न लागतं हे ऐकून होतो, सात टिचक्यांत पेशा बदलतो हे नवीन. मी ओरडून घरात सांगितलं, "मी डेव्हलपर झालो!" बायको हात पुसत बाहेर आली. आमच्या भागात डेव्हलपर म्हणजे ले-आउट पाडून प्लॉट विकणारा, पांढऱ्या गाडीतून फिरणारा माणूस. तिने रस्त्यावर पाहिलं. गाडी नव्हती. ती परत आत गेली.

पुढे ॲपच्या पडद्याच्या आखणीची फाइल उघडली, तर तिचंही नाव लेआउटच. पाहून मला उगाच धीर आला.

आता फोन आणि संगणक केबलने जोडायचे. जोडले. फोन चार्ज होऊ लागला, पण संगणकाला दिसेना. ड्रायव्हर टाकला. नाही. पोर्ट बदलला. नाही. फोन बंद करून चालू केला. नाही. दोन दिवस गेले. भाचा फोनवर म्हणाला, मामाजी, केबल फक्त चार्जिंगची आहे काय? आत चार तारा असायला पाहिजेत. स्वस्त केबलमध्ये दोनच घालतात, वीज जाते, माहिती जात नाही.

केबल माझ्याच दुकानातली होती. 'डेटा केबल, ६० रुपये' असं माझ्याच अक्षरात लिहिलेल्या डब्यातली. वर्षभर मी ती विकत होतो. कोणी परत आणली की सांगत होतो, तुमचा फोन खराब आहे. त्या संध्याकाळी मी डब्यावरचा 'डेटा' खोडला. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक मोटारसायकलवाला माझ्याकडे जरा जास्तच रोखून पाहतो असं मला पुढे आठवडाभर वाटत होतं.

भाच्याने कुरियरने चार तारांची केबल पाठवली. ३१ जुलैला, सासऱ्यांची रोवणी संपून दहा दिवस झाल्यावर, माझ्या खऱ्या फोनवर पांढऱ्या पडद्याच्या मधोमध बारीक अक्षरांत दोन शब्द उमटले. हॅलो वर्ल्ड. हे मी लिहिलेलं नव्हतं. ते स्टुडिओबरोबर आलेलं असतं. तरीही मी फोन हातात धरून पंधरा मिनिटं बसलो. सासऱ्यांचा फोन आला. "रोवण्याले पाणी धरलं जावईबापू. तुमचं काय?" मी म्हटलं, "फुटवा आला."

त्या रात्री भाच्याने एक गोष्ट सांगितली, ती मला या सगळ्या उद्योगात सर्वांत आवडली. अँड्रॉइडच्या फोनमध्ये ॲप चालवणारं जे पहिलं इंजिन होतं, त्याचं नाव डाल्विक. डॅन बॉर्नस्टाइन नावाच्या माणसाने ते लिहिलं आणि आइसलँडमधल्या एका गावाचं नाव त्याला दिलं. डाल्विक हे उत्तरेकडचं, पाण्याकाठचं, मासेमारीचं गाव. २०१४ मध्ये अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत ते इंजिन काढून नवं बसवलं. पण ॲपच्या आतल्या फाइलीचं नाव अजून डेक्स आहे, म्हणजे डाल्विकची. म्हणजे आमच्या ढिवर भाऊंच्या खिशातल्या फोनमध्ये, ज्यावर ते नागपूरचा मासळीचा भाव विचारतात, एका दुसऱ्या मासेमाऱ्यांच्या गावाचं नाव शिरून बसलं आहे आणि दोन्ही गावांना त्याची खबर नाही. मला एकदम वाटलं की कुठे तरी, कोणत्या तरी फाइलीच्या शेपटीला, 'कारधा' लागावं.

त्या भरात मी ॲपचं नाव रोमन अक्षरांत 'पूल' असं लिहिलं, दोन ओ घालून. भाच्याने विचारलं, "मामाजी, पोहायचा तलाव बांधता काय?"

नाव 'लहान पूल' ठरलं. आत पातळीचा आकडा, आणि खाली 'चालू' किंवा 'बंद'. आकडा येणार कुठून? भाच्याने इंटरनेटवर एक तक्ता करून दिला. मी पुलाजवळची मोजपट्टी पाहून यायची, तक्त्यात आकडा भरायचा, ॲप तो आकडा उचलून सगळ्यांना दाखवणार. सोपं. कारध्याला धोक्याची पातळी २४५.५० मीटर. ॲपमध्ये तीच लाल रेघ ठेवली.

यातून वेगळाच गोंधळ झाला. पहिल्याच दिवशी एक आजी घाबरून आल्या. "दोनशे त्रेचाळीस मीटर पाणी! एवढं खोल झालं का गा?" मी समजावलं, आजी, हे नदीच्या तळापासून नाही, समुद्राच्या पातळीपासून मोजतात. त्यांनी विचार केला. "समुद्र कोठं आणि आपन कोठं. त्याले काहून मधात आणता?" मला पटलं. पण सरकारी पातळी तशीच मोजतात, आणि आजींची बाजू मांडणारं कोणी त्या बैठकीत नव्हतं.

ॲप लोकांच्या फोनमध्ये घालायचं कसं, हाही प्रश्नच होता. दुकानात म्हणजे प्ले स्टोअरवर ठेवायचं तर एकदाच पंचवीस डॉलर भरावे लागतात. आणखी सात बॅगा युरिया. मी सांगितलंच नाही घरी. पोरं एरवी एकमेकांना ॲप द्यायची ते शेअरइटने. त्याच्यावर २९ जूनला भारत सरकारने आणखी अठ्ठावन्न चिनी ॲपांसोबत बंदी घातली होती. मग व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली. ती उघडली की फोन सावध करायचा, हे अनोळखी ठिकाणाहून आलेलं आहे. अनोळखी म्हणजे मी. त्या फोनच्या मालकाला मी बारशापासून ओळखतो, पण फोन मला ओळखत नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, एकोणीस फोनांत 'लहान पूल' गेलं. त्या वर्षी पोरं नंदी घेऊन फारशी फिरली नाहीत. जे दोघं-तिघं मास्क लावून आले त्यांच्या बापांचे फोन मी ओटीवरच मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गुरुजी पायरीवर.

"लहान पूल बुडला का?"

"गुरुजी, तुमच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं ना मी?"

"टाकून दिलं ना. ते म्हणते चालू हाय."

"मग?"

"मग काय? तुमाले इचारून राह्यलो."

मागोमाग दूधवाला. तो तर पुलावरूनच आला होता, चाकांना ओला चिखल. "भाऊ, ॲप काय म्हणते?" मी म्हटलं, तू आत्ता पुलावरून आलास. "आलो ना जी. पण ॲप काय म्हणते?" मी सांगितलं, चालू. त्याला फार बरं वाटलं. आपण ज्या पुलावरून आलो तो खरोखर चालू होता हे कळून तो निघून गेला.

दोन महिने मी समजत होतो की लोकांना उत्तर पाहिजे. लोकांना विचारायला पाहिजे होतं. ॲपने आधी एक प्रश्न होता त्याचे दोन केले. पूल बुडला का, आणि ॲप काय म्हणते. दुकानाच्या पायरीवर गर्दी वाढली. त्यात माझा फोन दिवसभर केबलने संगणकाला बांधलेला, भाचा रोज काहीतरी सुधारणा सांगायचा. फोन वाजला की मी दचकून उचलायचो, तार निघायची, आणि संगणक सांगायचा की जोडणी तुटली. फोन ॲपच्या चौकशीचेच असायचे. 'माहिती' च्या पानावर संपर्क म्हणून मी माझाच नंबर टाकला होता.

मग २९ ऑगस्ट आला, शनिवार, गणपती बसलेले. मध्य प्रदेशात सिवनीकडे दांडगा पाऊस झाला होता. वैनगंगा तिथेच उगम पावते, तिथलंच संजय सरोवर धरण भरलं की पाणी सोडतात आणि ते आमच्याकडे येतं. आमच्या आभाळात फारसं काही नव्हतं. नदी मात्र तासातासाला वेगळी दिसत होती. दुपारी मी मोजपट्टी पाहून आलो, आकडा भरला, ॲप पहिल्यांदा लाल झालं. मला, सांगायला लाज वाटते, आधी आनंद झाला. लाल रंग चालतो का हे तोवर तपासलंच नव्हतं.

संध्याकाळी आनंद ओसरला. लहान पूल दिसेनासा झाला. वीज गेली. खालच्या आळीतली माणसं गाठोडी, शेळ्या, गॅसच्या टाक्या घेऊन वर येऊ लागली. भंडाऱ्यात नदीकाठच्या वस्त्यांत घरंच्या घरं पाण्यात गेली, त्यातलं विनोदी असं मला काही सांगता येणार नाही. पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा मी दुकानातला संगणक उचलला. बायको म्हणाली, आधी झेरॉक्स मशीन घ्या, त्याच्यावर घर चालते. मी म्हटलं, ह्याच्यात टूलचेन आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी संगणक खाली ठेवला, आम्ही दोघांनी मिळून झेरॉक्स मशीन गुरुजींच्या माडीवर नेलं, आणि मग मी परत येऊन संगणक डोक्यावर घेतला. रात्रभर माडीवर आम्ही अकरा माणसं, दोन शेळ्या आणि ती साखळी. चार टक्के बॅटरी राहिलेल्या फोनवर एकच नंबर परत परत येत होता. शेवटी उचलला. लाखनीहून सासरे.

"लहान पूल बुडला का?"

"बुडला बाबाजी. केव्हाचाच."

"हो. ॲप म्हणते," ते म्हणाले, आणि त्यांना झोप लागेल असा त्यांचा आवाज झाला.

त्यांचं धान पाण्याखाली गेलं नाही. शेत उंचावर आहे.

पाणी उतरायला दिवस लागले. गल्लीत घोट्याएवढा गाळ होता. दुकानाच्या खालच्या फळीवरचा केबलचा डबा वाहून गेला, त्याची मी चौकशी केली नाही. संगणक उन्हात ठेवून, मग घाबरत घाबरत चालू केला. सुरू झाला. स्टुडिओ उघडला. खालच्या कोपऱ्यात लिहून आलं की नवी आवृत्ती आली आहे, घेणार का? मी पडदा बंद केला.

तेवढ्यात ढिवर भाऊ पायरीवर येऊन बसले. तीन दिवस त्यांची डोंगी एका बाभळीला अडकून होती, ती काढून आले होते. अंगावर गाळ वाळलेला. त्यांच्या फोनमध्ये ॲप नव्हतं.

"काय गा, ॲप काय म्हणते?"

मी फोन उघडला. ॲप २९ तारखेच्या दुपारवरच थांबलेलं. वीज गेल्यापासून तक्त्यात कोणी काही भरलंच नव्हतं. भरणारा मीच.

"बंद म्हणते," मी म्हटलं.

"बंद?" त्यांनी नदीकडे मान वळवली. "मी आता त्याच्यावर पाय ठेवून आलो ना गा."

आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. मग ते उठले, कमरेचा गमछा सोडून झटकला.

"चाल," ते म्हणाले, "पाहून येऊ. मंग ॲपले सांगू."